मणक्यात ‘गॅप’, पायात कळ: सातारा-सांगलीकडच्या कामाच्या माणसांसाठी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

‘गॅप’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस सांगतो, “मणक्यात गॅप पडलीय.” एक्स-रेत दिसलेलं असतं ते नेमकं उलटं. दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. आणि ‘चकती सरकली’ म्हणजे कॅरमच्या सोंगटीसारखी ती बाजूला घसरलेली नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या तंतूंच्या कड्या, आत ओलसर गर. कड्यांना मागच्या अंगाला चीर गेली की गर तिकडं फुगवटा धरतो, कधी फाटून बाहेर येतो, कधी त्याचा तुकडाच सुटतो. दाबून, ओढून, चोळून तो परत आत जात नाही.

पाय दुखतो तो शेजारून जाणाऱ्या नसेमुळं. गर नसेला दाबतो हे सगळ्यांना माहीत आहे. गरातल्या रसायनांनी नस सुजते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून तर बारीक फुगवटेवाला अंथरुणाला खिळतो आणि मोठा तुकडा सुटलेला कधीकधी चालत दवाखान्यात येतो.

तेव्हा रिपोर्टच्या आधी पाय वाचायचा. कमरेत एल-१ ते एल-५ असे पाच मणके, त्याखाली त्रिकास्थी, तिथली पहिली नस एस-१. बहुतेक त्रास एल-४/एल-५ आणि एल-५/एस-१ या खालच्या दोन चकत्यांचा. एल-५ नस धरली असेल तर कळ पोटरीच्या बाहेरच्या कडेनं पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडं जाते. एस-१ असेल तर मांडीच्या आणि पोटरीच्या मागून टाच, तळव्याची बाहेरची कड, करंगळी. एल-४ चा त्रास मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या अंगाला उतरतो, पण तो कमी दिसतो.

जोर तपासायला यंत्र लागत नाही. भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चाला. एक पंजा खाली पडत असेल तर एल-५ कमजोर. मग एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहून दहा वेळा टाच उचला. चांगल्या पायाला दहा जमतात आणि दुखऱ्याला चारच, तर एस-१. पायाचा अंगठा वर ओढून धरा आणि दुसऱ्याला बोटानं खाली दाबायला सांगा, दोन्ही बाजूंची तुलना करा. हे आठवड्यातून दोनदा करून तारखेसह लिहून ठेवा. दुखणं कमीजास्त होत राहतं. जोर उतरत चाललाय का, हा खरा प्रश्न.

आता ज्याला थांबायचं नाही ते. लघवी अडणं किंवा भरल्याचं कळेनासं होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा लुळेपणा, आणि खोगिराला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जांघा, गुदद्वार, जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मणक्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो, तो दबलाय. ऑपरेशन पहिल्या ४८ तासांत, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. रात्री निघताना थेट एमआरआय आणि मणक्याचा किंवा मेंदूचा सर्जन दोन्ही जिथं आहेत तिथंच जा. मधे दोन ठिकाणी थांबून इंजेक्शन घेण्यात वेळ जातो.

निशिगंध_वाई

शौचाला बसल्यावर पुसताना बधिरपणा जाणवतो का, असं विचारलं तर पेशंटला पटकन कळतं. ‘जांघेत संवेदना आहे का’ म्हटलं की बायका मान हलवून मोकळ्या होतात.

तासगावी

पायाला कळ आहे पण वरचं काही नाही, तर एमआरआय लगेच करायचा की नाही? आमच्याकडं पहिल्या दिवशीच लिहून देतात.

फिल्मवाला

धोक्याची लक्षणं नसतील आणि जोर शाबूत असेल तर पहिले सहा आठवडे त्यातून उपचार बदलत नाहीत. ऑपरेशन किंवा इंजेक्शनचा विचार चालू झाला की मग करा. एक्स-रेत चकती दिसतच नाही. तो मणका मोडला, सरकला किंवा किडला का यासाठी असतो.

लवकर एमआरआय केल्याचा तोटा म्हणजे भीती. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली आढावा घेतला गेला. विशीतल्या ३० टक्के लोकांत चकतीचा फुगवटा होता, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टमधला ‘बल्ज’ हा केस पिकण्यासारखा असू शकतो. ‘डेसिकेशन’ म्हणजे चकतीतलं पाणी आटलं, तेही वयाचंच.

रिपोर्ट हातात घेतल्यावर चार गोष्टी शोधा. कोणती पातळी, कोणती बाजू, शब्द कोणता (बल्ज म्हणजे पसरट फुगवटा, प्रोट्रूजन म्हणजे एकाच जागी फुगवटा, एक्स्ट्रूजन म्हणजे गर फाटून बाहेर, सिक्वेस्ट्रेशन म्हणजे तुकडा सुटलेला, याच चढत्या क्रमानं) आणि कोणती नस. मग वर कृष्णाकाठ यांनी दिलेल्या नकाशाशी ताडून बघा. दुखतोय उजवा पाय आणि रिपोर्टात फुगवटा डावीकडं, तर तो फुगवटा गुन्हेगार नाही. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: एल-४/एल-५ ची चकती मधल्या कडेनं फुगली तर ती तिथून बाहेर पडणाऱ्या एल-४ ला नव्हे, खाली उतरणाऱ्या एल-५ नसेला धरते. अगदी बाहेरच्या अंगाला फुगली तर मात्र एल-४.

‘सिक्वेस्ट्रेशन’ वाचून लोक सगळ्यात जास्त घाबरतात. सुटलेल्या तुकड्याला शरीर परकं समजतं आणि पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. साधा फुगवटा आपोआप विरण्याचं प्रमाण त्यामानानं फार कमी. सर्वांत भीषण दिसणारी फिल्मच सहा-आठ महिन्यांनी सगळ्यात स्वच्छ दिसते, असं पुष्कळदा घडतं.

तासगावी

धन्यवाद. हे कुणी सांगत नाही.

गोठा_आणि_गाडी

सकाळच्या वेळेवर कुणी बोललं नाही, आणि आपल्याकडं सगळी वाकायची कामं सकाळचीच. रात्रभर झोपल्यावर चकती पाणी शोषून फुगते. माणूस सकाळी एखादा सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळंच. त्या फुगलेल्या चकतीवर वाकलं की मागच्या कड्यांवर ताण कितीतरी जास्त पडतो. उठल्यापासून पहिले दोन तास वाकायचं नाही, एवढ्या एका सवयीनं जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं १९९८ सालच्या अभ्यासात दिसलं होतं.

आता हे पहाटे पाचला शेण काढणाऱ्याला सांगायचं कसं? दोन तास जमणार नाहीत, पण बराचसा फुगवटा पहिल्या तासातच उतरतो. तेव्हा क्रम बदला. उठल्यावर आधी पंधरा-वीस मिनिटं उभ्यानं आणि चालत होणारी कामं: वैरण टाकणं (ती कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर रचलेली हवी), पाणी सोडणं, चहा. दूध काढणं त्यानंतर. शेण सगळ्यात शेवटी, आणि आखूड फावड्यानं नाही. दांडा छातीपर्यंत येईल इतका लांब हवा. धार काढताना उकिडवं बसून बादली गुडघ्यात धरली की कंबर पूर्ण गोल होते. वीतभर उंच लाकडी बैठक घ्या, जनावराच्या अंगाला जितकं चिकटून बसता येईल तितकं बसा, पाठ कमरेतून न मोडता खुब्यातून पुढं झुका. दुखणं ताजं आहे तेवढे तीन-चार आठवडे सकाळची धार घरातल्या दुसऱ्या कुणी काढावी, हे सगळ्यात बरं. यात मानापमान आणू नये.

दात घासताना बेसिनवर वाकू नका. एक हात बेसिनच्या कडेला, एक पाय खालच्या पाटावर. शिंक आली की उभे राहा, हात भिंतीला, कंबर किंचित मागं. बसून पुढं वाकून शिंकलं की कळ भरते.

माणदेशी_गडी

समदं खरं, पर शेतात वाकायचंच नाय म्हणलं तर खायचं काय? खताचं पोतं, पाठीवरचा पंप, बादल्या, हे बंद होणार नाय. कसं उचलायचं तेवढं सांगा.

गोठा_आणि_गाडी

रास्त. आधी आकडे बघा म्हणजे पटेल. १९९९ साली जर्मनीत एका माणसाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजलं. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५. वीस किलो कंबर गोल करून वाकून उचलले की २.३. तेच गुडघे वाकवून १.७, आणि अंगाशी धरले की १.१. म्हणजे ओझं तेच, पण कंबर गोल न करता अंगाशी घेतलं की दाब निम्म्याच्याही खाली.

युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं. हे एकट्यानं जमिनीवरून उचलायचं नाहीच, पाय कळवत असताना तर दोघांनीही नाही. पोती जमिनीवर न टाकता कट्ट्यावर किंवा ट्रॉलीच्या फळीवर कमरेइतकी उंच ठेवा आणि तिथंच फोडून घमेल्यानं दहा-दहा किलो न्या. चालत्या पायाला जास्त फेऱ्या परवडतात, चकतीला एक मोठा हिसका परवडत नाही. वळायचं असेल तर पाय वळवा. ओझं हातात, पाय जमिनीला रुतलेले आणि धड फिरलेलं, कडी फाटते ती इथं.

पाठीवरचा पंप १६ लिटरचा, म्हणजे पाणीच १६ किलो. खाली ठेवून, पट्ट्यात हात घालून हिसक्यानं उठणं ही त्यातली वाईट गोष्ट. बांधावर किंवा ड्रमवर कमरेइतका उंच ठेवा, पाठ लावा, पट्टे घट्ट करा, मग सरळ उठा. अर्धाच भरा. बादलीचंही तेच. एका हातात भरलेली एक बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या.

हळदउतारा

सांगलीच्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या कामाबद्दल एक भर. निवडायला मांडी घालून चार-चार तास बसणाऱ्या बायकांचं ओझं शून्य असतं आणि तरी पाय भरून येतो, कारण कंबर तासन्‌तास गोल असते. माल पाटावर किंवा टेबलावर घ्या, गुडघ्यापेक्षा खुबा उंच राहील अशा बैठकीवर बसा आणि दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं उभं राहा. उठल्यावर हात कमरेवर ठेवून पाचदा हलकं मागं झुका. मुकादम कुरकुरला तर कुरकुरू दे.

फिजिओ_कराड

व्यायामाबद्दल. पहिले दोन दिवस कळ अंगात मावत नसेल तर पडून राहा: पाठीवर, गुडघ्याखाली दोन उशा, किंवा कुशीवर, गुडघ्यांत उशी. दोन दिवसांच्या पुढं पूर्ण अंथरूण धरलं की स्नायू जातात आणि बरं होणं लांबतं. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर, मग पाय खाली सोडत हातांनी रेटा.

चालणं हे पहिलं औषध. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, सपाटीवर. साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढायची हौस असते, ती थोडे आठवडे बाजूला. सांगलीकरांना आमराई आहेच.

मग पोटावर झोपून मागं वाकण्याचा व्यायाम. तीन मिनिटं नुसतं पालथं पडा. सहन झालं तर तीन मिनिटं कोपरांवर. तेही जमलं तर तळवे टेकून छाती वर रेटा, ओटीपोट चटईलाच चिकटलेलं, कमरेचा जोर न लावता. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. आणि नियम एकच, तो पाठ करा: पोटरीतलं दुखणं मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात सरकतंय, तर ते वर चाललंय, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू ठेवा. दुखणं खाली उतरतंय, पावलात मुंग्या वाढताहेत, तर तो व्यायाम त्या घडीला बंद. इंटरनेटवरची यादी बघून करणारे नेमका हाच नियम विसरतात आणि महिनाभर उलट्या दिशेनं जातात.

टॉवेल पायात अडकवून पाय वर ओढण्याचा प्रकार सध्या नको. शिरा आखडल्यात असं वाटतं, पण ताणली जाते ती सुजलेली नस. त्याऐवजी खुर्चीत ताठ बसा. गुडघा सरळ करताना हनुवटी वर न्या, गुडघा वाकवताना खाली आणा. दहा वेळा, धरून न ठेवता. नस पुढं-मागं सरकते, ताणली जात नाही.

कळ उतरल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, कमरेला आधार देणारे तीन: उताणं झोपून एक गुडघा वाकवून, हात कमरेच्या पोकळीत ठेवून डोकं-खांदे दोन बोटं उचलणं. कुशीवर कोपर-गुडघ्यावर अंग उचलून धरणं. घोडा होऊन उलट हात-पाय लांब करणं. प्रत्येक वेळी दहा सेकंदच धरा. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. मिनिटभर धरून घाम काढण्यात अर्थ नाही.

औंधकर_नव्हे

सूर्यनमस्कार बंद करायला सांगणार असाल तर सांभाळून. हा सातारा जिल्हा आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी घराघरात सूर्यनमस्कार पोचवला.

फिजिओ_कराड

नमस्कार राजेसाहेबांना. पण त्यात पुढं वाकून हात जमिनीला टेकवणं दोनदा येतं, तेही पहाटे. चकतीला याहून वाईट वेळ आणि याहून वाईट आसन शोधून सापडणार नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन ताज्या दुखण्यात बंद. मकरासन आणि सौम्य भुजंगासन चालतात, शलभासन एकेका पायानं. पाय दोन-तीन महिने शांत राहिल्यावर सूर्यनमस्कार परत सुरू करता येतो: संध्याकाळी, गुडघे मोकळे सोडून, एका वेळी दोन-तीनच.

निशिगंध_वाई

पट्टा?

फिजिओ_कराड

प्रवासात आणि उभ्या कामात, दिवसाला दोन-तीन तास. झोपताना कधीच नाही. दोन-तीन आठवड्यांत सोडायचा. पट्टा बांधलाय म्हणून पोतं उचलणारे बघितले की पट्टाच जप्त करावासा वाटतो.

मेडिकलवाला

गोळ्यांचं बोलू. पॅरासिटॅमॉल एकट्यानं नसेच्या कळीला फार करत नाही, पण जोडीला असावं. दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसेक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब हे सूज उतरवणारे. जेवणानंतर, थोडे दिवस. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी चालू असताना यातली तिसरी भर पडली की किडनीवर एकदम ताण येतो. हे कॉम्बिनेशन वयस्कर माणसांत रोज दिसतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासल्याशिवाय महिनाभर घेऊ नका. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून एकाच जातीच्या दोन गोळ्या येतात, पट्टीवरची नावं वेगळी असतात म्हणून कळत नाही. पट्ट्या दुकानात आणून दाखवा.

प्रीगॅबालिन ७५ सोबत मेकोबालमिन, ही आपल्याकडची ‘नसेची गोळी’. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकाच्या, म्हणजे कमरेतली नस धरल्यानं होणाऱ्या पायदुखीवर प्रीगॅबालिन आणि नुसती दिखाऊ गोळी यांत फरक दिसला नाही. चक्कर मात्र प्रीगॅबालिनवाल्यांना जास्त. काहींना झोप लागायला मदत होते, म्हणून डॉक्टर देतात. घेत असाल तर पहिला डोस रात्री घ्या, त्या आठवड्यात दुचाकी आणि ट्रॅक्टर बंद ठेवा, पायाला सूज येते का बघा. आणि एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून आठवडाभरात उतरवा. मेकोबालमिन बी-१२ कमी असेल तरच कामाचं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते. त्यातली थायोकोल्चिकोसाइड गरोदरपणात चालत नाही.

ट्रॅमाडॉल ही कडक वेदनाशामक गोळी आणि जोडीला उकिडवं शौचालय हा जोडीचा छळ आहे. बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, कुंथलं की कळ थेट पावलात. इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यातून, आणि भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची. सोळा ते अठरा इंच उंचीची, पाय न घसरणारी बघून घ्या.

बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘देशी पुड्या’. एका दिवसात पाय थांबला तर शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं वेळोवेळी सापडलंय. चेहरा फुगतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच आठवडे घेऊन एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. तशी घेत असाल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना पुडी दाखवा.

माणदेशी_गडी

आन पायाळू मानसाची लाथ?

मेडिकलवाला

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याच्या लाथेनं उसण जाते अशी समजूत. उसण भरली असेल, म्हणजे नुसता स्नायू आखडला असेल, तर ती दोन-चार दिवसांत लाथेनंही जाते आणि लाथेशिवायही. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पाठीवर कुणाचाही पाय पडू देऊ नका, पायाळू असो की हाडवैद्य.

शेकाबद्दल एक राहिलं. गरम पिशवी पंधरा-वीस मिनिटं, कमरेला. बधिर पोटरीला किंवा पावलाला नाही. भाजलेलं कळत नाही, आणि साखर असेल तर ती जखम महिनोन्‌महिने बरी होत नाही.

फिल्मवाला

सगळं चकतीवर ढकलू नये म्हणून थोडं. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतही न थांबणारं पाठीचं दुखणं: हे मणक्याच्या क्षयाचं चित्र असू शकतं, आपल्याकडं ते अजून आहे. आधी कर्करोग झालेला असेल तरीही थांबू नका. जांघेत दुखतंय आणि मांडी घालता येत नाही, तर खुबा तपासा. दोन्ही तळव्यांना मोजे घातल्यासारखी आग होत असेल तर साखर किंवा बी-१२. तंबाखू-विडीवाल्याची पोटरी ठरावीक अंतर चाललं की आवळते आणि नुसतं उभं राहिलं की सुटते, तर तो रक्तवाहिनीचा प्रश्न. पावलाची नाडी लागते का बघायला सांगा.

साठीपुढच्यांचं गणित वेगळं. त्यांच्यात मणक्याची नळीच अरुंद झालेली असते. चालताना दोन्ही पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं झुकलं की आराम. आठवडी बाजारात सायकल हातात धरून तिच्यावर रेलून चालणारे आजोबा बघा. सायकल ते ओझ्यासाठी नाही, मणक्यासाठी आणतात. त्यांना मागं वाकण्याचे व्यायाम दिले की त्रास वाढतो. वरचा फिजिओंचा सल्ला त्यांनी आंधळेपणानं घेऊ नये.

फिजिओ_कराड

बरोबर. मणका पुढं सरकलेला असेल त्यांनीही.

तासगावी

द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवायलाच लागतो. आणि मुंबई-पुण्याला माल घेऊन जाणाऱ्यांनी काय करायचं?

गोठा_आणि_गाडी

बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ६ हर्ट्‌झच्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त हलतो, आणि ट्रॅक्टरच्या सीटचे हादरे नेमके त्याच आसपासचे. सीटची स्प्रिंग स्वतःच्या वजनाला जुळवा. पुष्कळ ट्रॅक्टरना ते चाक असतं आणि ते शोरूममधून आलं तसंच गंजतं. टायरची हवा रस्त्यावरची आणि शेतातली वेगळी ठेवा. रोटाव्हेटर चालवताना सतत मागं वळून बघणं हा खरा दगा, दोन आरसे लावा. पाऊण तासाला उतरून पाच मिनिटं चाला. उतरल्या उतरल्या मात्र काहीही उचलायचं नाही. हादऱ्यांनंतर स्नायू काही मिनिटं सुस्त असतात आणि चकती उघडी पडते. ट्रक-टेम्पोवाल्यांनी माल उतरवण्याआधी दहा मिनिटं फिरावं ते याचसाठी.

कारमध्ये सीट पुढं घ्या म्हणजे क्लच दाबताना पाय पूर्ण ताणला जात नाही. कमरेत टॉवेलची गुंडाळी, मागच्या खिशातलं पाकीट बाहेर. एसटीत मागच्या चाकाच्या मागची सीट कधीच नको. दोन्ही चाकांच्या मधली बघा. दुचाकीवर एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बायकांची कंबर सगळा रस्ता पिळलेली राहते. दुखणं ताजं असताना दोन्हीकडं पाय टाकून बसा, किंवा बसूच नका.

कृष्णाकाठ

राहिलं ऑपरेशन. ऑपरेशनचा फायदा पायाला, कंबरेला कमी. नुसत्या कंबरदुखीसाठी चकती काढायला कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. नेदरलँड्समधल्या २००७ च्या चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्यांचे दोन गट केले. लगेच ऑपरेशनवाले सरासरी चार आठवड्यांत बरे, थांबलेले बारा आठवड्यांत. वर्षाअखेर दोन्हीकडं ९५ टक्के बरे. पण थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही विसरू नका. म्हणजे जोर शाबूत असेल तर निवड तुमची आहे: लवकर सुटका की थोडी कळ सोसणं. हंगाम, पैसा, घरी मदतीला कोण, हे त्यात धरायचं. जोर उतरत असेल किंवा पंजा पडला असेल तर निवड उरत नाही.

मणक्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन मधला मार्ग. काही आठवडे ते तीन महिने कळ मऊ करतं, चकती बरी करत नाही. साखरवाल्यांची साखर काही दिवस चढते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.

सर्जनला विचारायचं: कोणती पातळी, फक्त तुकडा काढणार की स्क्रू-रॉडही टाकणार, आणि टाकणार तर का. साध्या चकतीच्या तुकड्याला पहिल्या खेपेस सहसा स्क्रू लागत नाहीत. दुर्बिणीचं की सूक्ष्मदर्शकाचं, यापेक्षा सर्जनचा हात कशावर बसलाय ते महत्त्वाचं. त्याच जागी पुन्हा फुगवटा येण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते पंधरा.

दोन्ही जिल्ह्यांतून लोक मिरजेला जातात, तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खाजगीही भरपूर. कुठंही गेलात तरी भरती होण्याआधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड-आधार घेऊन जा, हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का आणि मंजुरी आधी लागते का ते विचारा. भरती झाल्यावर विचारलं की कागद मागं आणि बिल पुढं.

हळदउतारा

ऑपरेशननंतर शेतात कधी?

कृष्णाकाठ

चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. पहिले दोन आठवडे एका बैठकीला वीस-तीस मिनिटांच्या वर नको. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नाही, वाकून-वळून तर मुळीच नाही. दुचाकी चार ते सहा आठवड्यांनी, सर्जनला विचारून. बसून होणारं काम महिन्याभरात जमतं, अंगमेहनतीला तीन महिने धरा. टाक्यातून पाणी किंवा पू, ताप, उभं राहिल्यावर फुटेल असं डोकं दुखणं आणि झोपलं की थांबणं, यातलं काही आलं तर लगेच परत जा. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी वर्ष लागतं. कळ आधी, मग जोर, मग संवेदना, असा सहसा क्रम असतो. तेव्हा करंगळी अजून सुन्न आहे म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका, आणि त्या पायात दगड शिरला तरी कळत नसल्यानं शेतात चप्पल नको, बूट घाला. रोज रात्री तळवा दिव्याखाली धरून बघा.

माणदेशी_गडी

चवड्यावर उठून बघितलं. डावा दहा, उजवा सहा. तारीख टाकून ल्हिलंय भितीवर.

कृष्णाकाठ

मग भिंतीचा फोटो काढा आणि याच आठवड्यात ऑर्थो किंवा न्यूरोला दाखवा. पुढच्या खेपेस सहाचे चार झाले तर त्याच दिवशी.